वासनिकचं माप

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक तीन वर्षांपासून माझ्याकडे चकरा मारून राहिले. त्यांचं म्हणणं एकच, इतकी वर्षं गॅरेज चालवलं, गिऱ्हाइकांचे गमतीदार किस्से लिहा. दर वर्षी मी गुडघ्यांचं निमित्त पुढे करतो. गुडघे खरंच कामातून गेलेत. जन्मभर गाड्यांपाशी उकिडवं बसल्यावर दुसरं काय होणार? पण लिहायला गुडघे लागत नाहीत हे त्यांनाही कळतं आणि मलाही. या वर्षी हो म्हटलं. जे लिहून राहिलो त्यात गंमत थोडी आहे, आणि माझी मराठीही रायपूरची, अर्धी हिंदीत भिजलेली. संपादकांनी सांभाळून घ्यावी.

ज्यांना गाडीचं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी एक सांगतो. चालता चालता बिघडलेली गाडी मिस्त्रीला आवडते. काहीतरी झिजलं, तुटलं, जळलं; शोधलं की सापडतं. पण दुरुस्ती करून घरी गेलेली गाडी तिसऱ्या दिवशी बंद पडून परत आली, की मिस्त्रीची झोप उडते. कारण आता दोष झिजेत नसतो, कुणाच्या तरी हातात असतो. आमचे उस्ताद म्हणत, अशा वेळी पुर्जे पाहत बसू नको. शेवटचा हात कुणाचा लागला ते पहिले विचार.

त्याचं एक उदाहरण देतो, म्हणजे संपादकांचं समाधान होईल. सदर बाजारातल्या एका सराफांची जुनी मोटार होती. मी तिचा कार्बोरेटर साफ करून दिला आणि गाडी रोज दोन किलोमीटरवर जाऊन बंद पडायला लागली. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. मी तीनदा कार्बोरेटर खोलला. सराफ माझ्याकडे असे पाहत जसा मी त्यांचं सोनं बदललं. शेवटी मी विचारलं, माझ्यानंतर गाडीला हात कुणी लावला? कुणीच नाही म्हणाले. मग हळूच म्हणाले, पेट्रोलचा वास येत होता म्हणून टाकीच्या झाकणाखाली मी पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, लावली. टाकीत हवा जायला जागा नाही तर पेट्रोल खाली येणार कसं? पन्नी काढली, गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. सराफ तेव्हापासून दिवाळीला मिठाई पाठवत.

या गोष्टीनं मला मोठी अक्कल आल्यासारखं वाटलं होतं. शेवटचा हात कुणाचा, हे मी दुसऱ्याला विचारायला शिकलो.

आता खरी गोष्ट. नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं त्या सुरुवातीच्या वर्षांतली. एकाएकी शहरात पांढऱ्या गाड्यांचं पीक आलं. शंकर नगरातल्या ज्या बंगल्यांना कुलपं होती तिथं ऑफिसं आली, साहेब आले, आणि त्यांच्या गाड्या कंपनीच्या शोरूममध्येच जाऊ लागल्या. माझं गॅरेज बुढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत. एक लांब शेड. पुढची अर्धी माझी, मागची अर्धी वासनिकांची.

वासनिक म्हणजे खरादवाले, लेथवर लोखंड घासणारे. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले, मुलगा लेथवर शिकला. इंजिनमध्ये क्रँक नावाचा एक वाकडातिकडा जड दांडा असतो, पिस्टनचं वरखाली होणं तो गोल फिरण्यात बदलतो. तो झिजला की मशीनवर घासून पुन्हा गुळगुळीत करावा लागतो, आणि माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावं लागतं. आम्ही त्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतो. अर्धा थाऊ इकडचा तिकडे झाला तर बेअरिंग टिकत नाही. हे काम वासनिक करत. दुर्ग-भिलाईकडूनही क्रँक त्यांच्याकडे यायचे. माणूस कमी बोलणारा. काम झालं की मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन म्हणत, "भाऊ, तुम्ही मोजा." मी मोजल्याशिवाय त्यांनी एकही क्रँक शेडच्या बाहेर जाऊ दिला नाही. बारा वर्षं हेच.

अजून एक सवय होती त्यांना. उघडं इंजिन रात्रभर ठेवायचं असलं की त्याचं प्रत्येक छिद्र ते फडक्यानं झाकत. जुन्या सुती धोतराचे तुकडे, धुतलेले, सुतळीनं बांधलेले. मी हसायचो. म्हणायचो, वासनिकभाऊ, इंजिनला सर्दी होते काय? ते म्हणायचे, धूळ कोणाची नातेवाईक नाही.

त्या साली शंकर नगरातले एक दाऊजी आले. दाऊ म्हणजे आमच्याकडचे जुने जमीनवाले. त्यांच्या वडिलांनी घेतलेली काळी विलायती मोटार अकरा वर्षं छपरात उभी होती. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर, नातीचं लग्न होतं आणि पोरीची पाठवणी त्याच गाडीतून करायची, असा म्हाताऱ्याचा हट्ट. शहरात सगळे नव्या गाड्यांत फिरून राहिले, माझी नात माझ्या बापाच्या गाडीत जाईल, म्हणाले. मलाही ताव चढला. कितीतरी दिवसांनी असं इंजिन हाताला लागणार होतं.

इंजिन पूर्ण उतरवलं. वासनिकांनी क्रँक घासला, बेअरिंग बसायच्या चारही जागा आरशासारख्या केल्या. मी मोजलं. प्रत्येक जागा दोनदा मोजली, कारण बेअरिंग मोठ्या खटपटीनं कलकत्त्याहून आलं होतं आणि दुसरं मिळणार नव्हतं. माप तंतोतंत. इंजिनचा सांगाडा धुऊन, सगळ्या तेलाच्या वाटांमधून हवा मारून, लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्याकडे इथले मिस्त्री विश्वकर्मा पूजा करतात, आपण मराठी लोक नवमीला हत्यारं पूजतो. मी दोन्ही करायचो, कोणी नाराज व्हायला नको. वासनिक दोन्हीत नसत. दर दसऱ्याला ते घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात, नवमीलाच गाडी पकडत. मी त्यांना पूजेला कधी बोलावलं नाही, ते कधी थांबले नाहीत, आणि दोघांनाही हे सोयीचं होतं. त्या दिवशीही ते निघाले. निघण्याआधी त्यांनी सांगाड्याची सगळी छिद्रं झाकली आणि मला सांगितलं की मी आल्यावरच काढू, तोवर उघडू नका.

संध्याकाळी मी पूजा मांडली. पाने, हातोडे, जॅक, कॉम्प्रेसर, सगळं मांडलं. हिनं हळदीत भिजवलेल्या अक्षतांची वाटी दिली होती. दाऊजींच्या इंजिनापाशी आलो तर ते जागोजागी फडक्यांनी बांधलेलं. देवासमोर असं तोंड बांधलेलं काय ठेवायचं, असं माझ्या मनात आलं. मी फडकी काढली. कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या. फडकी घडी करून वासनिकांच्या खरादीवर ठेवली.

पूजेला लागलेल्या हत्यारांना दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो. कॉम्प्रेसरही पूजेत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं उचलली आणि अक्षता वेचल्या. बोटांनी, एक एक. हवा मारली असती तर एका मिनिटाचं काम होतं, पण देवाच्या अक्षता कॉम्प्रेसरनं उडवायच्या हे मला पटलं नाही. आणि हवा तर पूजेच्या आदल्याच दिवशी मारून झाली होती. लग्नाची घाई होती. वासनिक यायच्या आधी मी क्रँक बसवला, इंजिन बांधून बंद केलं. ते संध्याकाळी आले, हिच्यासाठी संत्र्याची बर्फी आणली होती, आणि आपल्या कामाला लागले.

गाडी चालू झाली तेव्हा गल्ली जमली होती. तलावाला दोन चकरा मारल्या. तेलाच्या दाबाचा काटा ताठ उभा. दाऊजींनी माझ्या गळ्यात हार घातला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर गाडी गावाकडे घेऊन गेला. परतताना आरंगच्या अलीकडे इंजिनमध्ये टकटक सुरू झाली, आणि थोड्या वेळात इंजिन जाम. दोरीनं ओढून आणली. मी खोललं. बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं, आरशासारख्या जागांवर नांगरल्यासारखे चरे. म्हणजे तेल पोचलं नव्हतं, किंवा माप चुकलं होतं. तेलाचा पंप पाहिला, ठीक. मग उरलं माप.

दाऊजी शेडमध्ये खुर्चीवर बसले होते. सोबत गल्लीतले चार मिस्त्री उभे होते, असं काही झालं की सगळे येतातच. वासनिक आपल्या मशीनपाशी. दाऊजींनी शांतपणे विचारलं की चूक कोणाची. हार मला घातला होता, उत्तरही मलाच द्यायचं होतं. मी उस्तादांचा नियम आठवला. क्रँकला शेवटचा हात कुणाचा? मी म्हणालो, "क्रँक का काम इनका है।"

वासनिक पुढे आले. हात पुसत म्हणाले, "भाऊ, माप बरोबर होतं. तुम्हीच मोजलं होतं न?"

चार मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "एवढं आता ध्यानात नाही."

एवढंच बोललो. पण ज्या माणसाची सगळी कमाई म्हणजे त्याचं माप, त्याच्याबद्दल शेजारचा मिस्त्री असं म्हणतो तेव्हा काय होतं हे मला माहीत होतं. वासनिकांचं माप सुटलं, अशी बातमी सदर बाजारापासून भिलाईपर्यंत आठ दिवसांत गेली. दुर्गचे क्रँक यायचे थांबले. वासनिक माझ्याशी भांडले नाहीत. महिना संपायच्या आत त्यांनी मशीन विकली, शेडची मागची अर्धी बाजू झाडून दिली आणि उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टवर लागले. जाताना सुती फडक्यांची पिशवी माझ्यासाठी ठेवून गेले.

मी दुसऱ्या खरादवाल्याकडून क्रँक पुन्हा घासून आणला. बेअरिंग या वेळी दाऊजींनी स्वतः माणूस पाठवून कुठून तरी मिळवलं. इंजिन बांधलं, चालू केलं. काटा ताठ. पण मी आता घाबरलेलो होतो, म्हणून गाडी तासभर चालवत ठेवली आणि काट्यावरून नजर हलवली नाही. इंजिन तापलं तसा काटा खाली येऊ लागला. थंड तेल घट्ट असतं, कुठं गळती असली तरी दाब धरून ठेवतं. गरम झालं की पातळ होतं आणि खरं कळतं. मी इंजिन बंद केलं आणि शेडच्या फरशीवर बसलो. दुसरा क्रँकवाला, दुसरं बेअरिंग, आणि दोष तोच. म्हणजे दोष मापात नव्हताच.

आता एकच जागा उरली होती. इंजिनच्या बाजूला एक छोटी झडप असते. तेलाचा दाब फार वाढला तर ती जास्तीचं तेल परत खाली सोडते, कुकरची शिट्टी वाफ सोडते तसं. स्प्रिंग आणि एक टोपी, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. मी ती दोन्ही वेळा खोलली नव्हती, कारण ती मीच बसवली होती. आता खोलली. टोपीच्या खाली, बसण्याच्या कडेवर, तांदळाचा एक दाणा अडकला होता. तेलात काळपट झालेला, पण कडक. कापडावर घासला तेव्हा आतून हळदीचा पिवळा रंग दिसला. तो मध्ये असल्यानं झडप पूर्ण मिटत नव्हती आणि गरम तेल क्रँककडे जायच्याऐवजी खाली पळत होतं.

शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी दाणा एका प्लगच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, झडप बसवली. काटा तासभर ताठ राहिला.

लग्नात दाऊजींनी मला मांडवात पुढे बोलावलं. पोरगी गाडीत बसली होती, बोनेटवर मोगऱ्याच्या माळा. पाहुण्यांना ते कौतुकानं सांगत होते, हे माझे मिस्त्री, यांनी गाडीला दुसऱ्यांदा जन्म दिला. आणि पुढे म्हणाले, "पहले वाले खराद ने तो सत्यानाश कर दिया था।" माझ्या हातात जिलेबीची प्लेट होती. मी मान डोलावली. नाही म्हणायला किती श्वास लागला असता? तेवढाही मी काढला नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी जिलेबी खाल्ली.

पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले, बिघाड पडद्यावर दिसायला लागला, माझ्यासारख्यांचं कान लावून ऐकणं संपलं. मी ओढत राहिलो. दाऊजी वारले. त्या दिवशीच्या चार मिस्त्रींतले दोघं गेले, एक गावी परतला, एकाला आता काही आठवत नाही. खोकं माझ्या कपाटात पान्यांच्या मागे होतं. दर नवमीला कपाट पूजेला उघडायचो, खोकं दिसायचं आणि मी दार लावायचो. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. थकवा कामाचा असतो असं लोकांना वाटतं. काम करून मी कधी इतका थकलो नाही.

मागच्या वर्षी शेड सोडली. कपाट रिकामं करताना खोकं हातात आलं, आणि ते फेकायचं की ठेवायचं हे ठरेना. तेव्हा मी वासनिकांचा पत्ता काढला. टाटीबंधकडे घर आहे त्यांचं. दार सुनेनं उघडलं, मी मराठीत विचारलं, ती हिंदीत म्हणाली, बैठिये अंकल, बाबूजी पूजा... मग स्वतःच थांबून म्हणाली, बाबूजी वंदना कर रहे हैं। थोड्या वेळानं वासनिक आले. केस पांढरे, पण हात तसेच, स्वच्छ. मी खोकं उघडून समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नवमी, फडकी, अक्षता, झडप. मांडवातली जिलेबीही सांगितली.

त्यांनी दाणा बोटावर घेतला, उजेडात पाहिला आणि परत ठेवला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "नागपूरवरून आलो तवा फडकी माह्या खरादीवर घडी करून होती. त्याच्यावर कुंकू लागलं होतं. इंजिन तुम्ही बंद करून टाकलं होतं."

मी विचारलं, मग त्या दिवशी दाऊजींसमोर काहून नाही बोलले?

"काय बोललो असतो, भाऊ? यांच्या पूजेनं इंजिन गेलं म्हणून? मी? त्या चौघाइत माह्यं कोण ऐकलं असतं? उलट वेगळंच काही झालं असतं. मी म्हटलं, तुम्ही कधी ना कधी झडप खोलाल. तवा याल. मी वाट पाह्यली."

मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट दिसतं, तरी आलं. मी म्हणालो की मी माफी मागायला आलो. वासनिकांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला, आम्ही प्यायलो. मग ते म्हणाले, "माफी घरात मागून काय होते? बोलले होते तं चार लोकाइसमोर."

मी म्हणालो, ते लोक आता राहिले कुठं?

ते उठले, आतून मंडळाचा मागच्या वर्षीचा दिवाळी अंक घेऊन आले. ते तो दर वर्षी घेतात, हे मला माहीतच नव्हतं. अंक माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "इथं लिहा. नाव घालून लिहा."

म्हणून संपादकांना या वर्षी हो म्हटलं.

दाऊजींच्या काळ्या मोटारीचा क्रँक वासनिकांनी घासला होता. त्याचं माप बरोबर होतं. चारही जागा, प्रत्येक जागा दोनदा, मी माझ्या हातानं मोजली होती, आणि त्या दिवशी दाऊजींसमोर उभा होतो तेव्हाही मला ते पक्कं ध्यानात होतं.